पायांनी आखलेली वाट

३ जून
रुग्णालयाच्या बागेत कामाला लागलो. कुंपणालगत खोली मिळाली, म्हणून आईलाही घेऊन आलो. तिचे गुडघे गेले आहेत, पण खाटेवरून नवी हिरवळ दिसते म्हणून खूश आहे. बागेचा आराखडा करणाऱ्या बाईंची रीत वेगळी आहे. वाटा आधी आखायच्या नाहीत. माणसांना चालू द्यायचं आणि जिथलं गवत मरेल तिथे फरशी बसवायची. मला फार पटलं. नोकरी कायम होईपर्यंत एकही चूक करायची नाही.

१४ जून
फाटकाकडची वाट उमटली, ती बसवून झाली. दुसरी मात्र शवागाराच्या मागच्या दारातून निघते आणि हिरवळीच्या मधोमध संपते. ते दार विटांनी बुजवलेलं आहे. मुकादमांना दाखवलं. म्हणाले, अरे बृहस्पती, भिंतीतून कोण येणार, तुझा सासरा? कीड आहे ती. पाणी मार आणि गप्प बस.

१६ जून
पाणी मारलं, बी पेरलं. वाट तशीच. मुकादम रजेवर आणि बाई पाहणीला येणार. नियम तो नियम, म्हणून फरशी बसवली. दगडन् दगड पाणसळ लावून तपासला. बाईंनी शाबासकी दिली.

१७ जून
माझी फरशी जिथे संपते, तिथून पुढे गवत दबलं आहे. आमच्या खोलीच्या दिशेने.

१९ जून
मुकादम परतले. फरशी पाहिली. म्हणाले, पोरा, तू घाबरू नयेस म्हणून कीड म्हटलं होतं. जुन्या बागेतही शवागारातली ती माणसं मधोमध येऊन अडखळायची, परत जायची. तू त्यांना रस्ता करून दिलास.
दोघांनी पहार लावली. एक दगड हलत नाही. मी ते फार नीट बसवले आहेत.

२० जून
आई म्हणते, दुपारी मंडळी बसायला आली होती. फार सभ्य. रस्ता कुणी केला, विचारत होती. तिने कौतुकाने सांगितलं, माझ्या मुलाने.

२१ जून
सामान बांधलं. आई निघायला तयार नाही. तिला न्यायला येणार आहेत म्हणे. मी ओरडलो. ती हसली—

दुपार
लख्ख ऊन. हिरवळीवर कुणी नाही. गवत वाकतं आहे. एकेक पाऊल—
उंबऱ्याशी थांबलं.
डाव्या हाताने आईचा हात धरून लिहितो आहे. ती उभी राहिली. आधाराशिवाय. म्हणते, सोड रे, मंडळी खोळंबली आहेत—
सोडणार नाही. पण तिचा दुसरा हात कुणीतरी