दिवा निवेपर्यंत

मी, खाली सही करणारा, या चित्रपटगृहाचा ऑपरेटर, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दडपण जावयांचे आहे, पण त्याला मी जुमानत नाही, सबब ते धरू नये.

प्रोजेक्टरच्या खोलीबाहेर जिन्यावर बसून लिहीत आहे. दुपारच्या खेळात प्रोजेक्टरचा दिवा फडफडू लागला. त्याचे आयुष्य केव्हाच सरले होते आणि काच काळवंडली होती, पण जावई इथले मॅनेजर, ते म्हणत राहिले, "एवढा आठवडा निघू द्या." नवा दिवा आता आला आहे आणि संध्याकाळची सगळी तिकिटे गेली आहेत. या दिव्यात वायू दाबून भरलेला असतो. गार असतानाही तो फुटू शकतो, तापलेला असताना तर विचारूच नये. पंखा चालू ठेवून तो निवेपर्यंत थांबायचे, दुसरा इलाज नाही. लॅम्पहाउसची, म्हणजे दिव्याच्या पेटीची, किल्ली माझ्या खिशात आहे आणि जावई समोर उभे आहेत.

"बाबा, लोक बाहेर ताटकळतायत आणि तुम्ही मृत्युपत्र लिहीत बसलात?"

"मग काय मेल्यावर लिहू, जावईबापू?"

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या लेकीच्या नावे. जावयांनी तिथे सुखाने राहावे, फक्त मोरीचा नळ आज-उद्या करत दुरुस्त करायचा ठेवला आहे तो करावा.

कलम २. बँकेत जे असेल ते लेकीचे. (इथे जावई म्हणाले, "झालं ना? द्या आता किल्ली." पंखा अजून गरम हवा फेकतो आहे. झाले नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.)

कलम ३. व्याह्यांना, म्हणजे जावयांच्या वडिलांना, आरशाचा तुकडा. मागे एकदा ते मशीन बघायला आले आणि मी पाठ फिरवताच त्यांनी नवा दिवा हातात घेऊन कौतुकाने कुरवाळला. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला, दिवा बसवून पेटवल्यावर तिथेच ती तापून तडकली आणि तो बार उडाल्यासारखा फुटला. झडप बंद होती म्हणून माणसे वाचली, आतला मोठा आरसा मात्र गेला. व्याही अजून म्हणतात, "दिवाच हलका होता." त्यांनी त्या तुकड्यात रोज स्वतःचे तोंड पाहावे.

कलम ४. पाने, पेचकस आणि हत्यारांची पेटी लेकीला. सोबत हेही द्यावे, कारण हत्यारापेक्षा ते महाग आहे: आधी मेन स्विच बंद. खोलीत दुसरे कोणी नको. दिवा धरायचा तो धातूच्या टोकांना, काचेला बोट नाही. पाना आवळताना जोर दाखवायचा नाही. जुना दिवा कवचात घालून, खोक्यात बंद करून जिथून आला तिथे परत पाठवायचा. कचऱ्यात टाकायचा नाही, कचरा उचलणाऱ्या बाईंनाही डोळे आहेत.

कलम ५. जाड जाकीट, हातमोजे आणि तोंड-मान झाकणारे शील्ड. शील्ड एकच उरले आहे, म्हणून आत एकच जण जाऊ शकतो. हे शील्ड <s>माझ्या पश्चात</s> माझ्या देखत लेकीला मिळावे. <s>तोवर दिवा मीच बदलीन, आजचाही.</s>

लेक वरच्या पायरीवर बसून हे वाचत होती. ती म्हणाली, "बाबा, हात दाखवा." मी दाखवला नाही. दिवा फुटून तिच्या चेहऱ्याला काच लागेल याची मला भीती वाटते, उगीच का लपवू? तिने माझ्याजवळ राहून हे काम शिकून बरीच वर्षे झाली, तरी काळवंडलेला दिवा मी तिला कधी काढू दिलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसे माझे.

मग मी सही केली. साक्षीला तिकीट खिडकीवरच्या बाई आणि शेजारचे औषधवाले आले होते; औषधवाल्यांनी कागद उजेडाकडे धरला. "काका, ही सही तुमची कशी म्हणायची? ही तर जिना उतरून चाललीय."

खरेच होते. सहीचे शेवटचे अक्षर समासाबाहेर गेले होते. कागदावर जो हात ठरत नाही, तो त्या अरुंद पेटीतून दिवा काय काढणार? अखेर जावईच म्हणाले, "खेळ रद्द करतो. पैसे परत देऊ."

"रद्द कशाला?" लेक उठली. "मला येतं. बाबांनीच शिकवलंय."

पंख्याची हवा गार झाली होती. मी किल्ली दिली आणि शील्डचा पट्टा तिच्या हनुवटीखाली स्वतः लावला. तेवढे माझ्या हाताला जमले.

कलम ६. हे कलम ती आत असताना लिहीत आहे. पंखा थांबला आहे. दार बंद आहे. जावई माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले आहेत आणि हळूच म्हणतात, "बाबा, अजून काहीतरी लिहा ना."

म्हणून लिहितो. माझी छत्री जावयांना. माझा चष्मा तिकीट खिडकीवरच्या बाईंना, त्यांना नोटा नीट दिसत नाहीत. आत काहीतरी खणकन वाजले. जावयांनी माझे मनगट घट्ट धरले आहे, अक्षर त्यामुळे असे आले. भिंतीवरचे घड्याळही त्यांनाच. वहाणा कोणालाही. जे उरेल

दार उघडले. शील्ड कपाळावर, केस घामाने चिकटलेले, दोन्ही हातांत कवचात घातलेला जुना दिवा. "वाटेतून सरका आधी," ती म्हणाली, "आणि ह्यांना रडू नका म्हणावं, लोक बघतायत."

खाडाखोड: कलम ५ मध्ये 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून 'माझ्या देखत' असे लिहिले आहे, व त्यापुढचे वाक्य रद्द केले आहे. दोन्ही मी स्वतःच्या हाताने केले. सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

(सही) ऑपरेटर, आजपासून निवृत्त

आमच्यासमोर सही केली व खाडाखोडही केली:
१. शेजारचे औषधवाले
२. तिकीट खिडकीवरच्या बाई (चष्मा आत्ता नको, तुम्हीच वापरा)

स्थळ: प्रोजेक्टर खोलीबाहेरचा जिना
दिनांक: लेकीने दिवा बदलला तो शनिवार, संध्याकाळचा खेळ सुरू होताना