वश्तीचे शेपूट आणि दोब्रिशवरची अट

हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंतच्या समस्त प्रांतांची स्वामिनी, शूशन राजप्रासादाची शोभा, मद्यधुंद सम्राटाने भर मेजवानीत ‘मुकुट घालून पाहुण्यांपुढे ये’ अशी आज्ञा केली असता ती साफ धुडकावणारी आणि त्यापायी हद्दपार झालेली श्रीमन्महाराज्ञी वश्ती. अर्थात आम्हा यहुद्यांच्या पुरिम सणाच्या नाटकात दरवर्षी तिचे सोंग वठवणारा मी, झाइन्व्हेल, धंदा टोप्या शिवण्याचा, राहणार बोरिनेत्स, गॅलिशिया. छाती वगळता सर्वांगाने धडधाकट आणि बुद्धीने स्थिर (पत्नीचे मत भिन्न) असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. लेंबर्गच्या डॉक्टरांनी छातीला कान लावला आणि पुढच्या पुरिमविषयी बोलणे टाळले, हे त्याचे कारण.

कलम पहिले. टोप्यांचे लाकडी ठोकळे, कात्री व इस्त्री धाकटा भाऊ योस्ल यास. त्याचे मस्तक त्या ठोकळ्यांत बेमालूम मिसळते. ताबा देताना दक्षता घ्यावी.

कलम दुसरे. गेत्सेल पाववाला यास काहीही नाही. नाटक ह्याच्याच बेकरीत होते आणि हा विधुर त्यात एस्तेर होतो, म्हणजे माझ्या जागी आणलेली नवी राणी. वश्तीला शेपूट फुटले होते म्हणून ती आली नाही, अशी लोकांची रसिक समजूत. सबब मी पहिल्या अंकात गाईचे शेपूट हलवून हशा मिळवायचा, मग भट्टीमागच्या स्टुलावर बसून एस्तेरसाठीचे हुंदके ऐकायचे. त्यांतला एक माझ्या पत्नीचा, दोब्रिशचा असतो. मी तो ओळखतो. गेत्सेलचा झगा तिच्या लग्नाच्या रेशमाचा. माझा, स्वयंपाकघरातल्या पडद्याचा. दर शुक्रवारी तो आमच्या दारी पाव आणतो. “उरला होता, वहिनी.” उरलेला पाव वाफाळता कसा, हे शास्त्राला अद्याप अनाकलनीय आहे. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, एवढा कायदा मी जाणतो. म्हणूनच गेत्सेल ह्या पत्राचा साक्षीदार आहे आणि आत्ता समोर बसून माझीच आलुबुखाऱ्याची दारू पीत आहे.

कलम तिसरे. घर पत्नी दोब्रिश हिला, परंतु माझ्या पश्चात तिने उपरोक्त पाववाल्याशी विवाह करू नये ह्या अटीवर. तसेच तिने मस्तकी मोत्यांची पट्टी बांधून साक्षीदारांसमक्ष यावे व तशी शपथ घ्यावी, अशी माझी आज्ञा.

आज्ञा घेऊन दुसरा साक्षीदार, सभास्थानाचा सेवक लेमेल, स्वयंपाकघरात गेला आणि एकटाच परतला.

“काय म्हणाली?”

“नाही येत म्हणाली.”

“कारण?”

“विचारलं ना. म्हणाली, सांगा त्याला, शेपूट फुटलंय मला.”

पाठोपाठ आतून साक्षात आवाज आला, “आणि मोत्यांची पट्टी माझ्या आईची आहे! जिवंत आहेस तोवर नवरा हो की नीट, राजा कसला होतोस!”

गेत्सेल हसला. आवश्यकतेपेक्षा जास्त हसला.

सम्राटाला अशा प्रसंगी सल्ला द्यायला सात पंडित होते. मला लेमेल. तो म्हणाला, “झाइन्व्हेल, बाबा, सूप निवतंय तुझं.”

सूप पिता पिता विचार केला. ‘नाही येत’ हे वाक्य मी नाटकात आयुष्यभर म्हणत आलो, परंतु इतके निर्भेळ मला एकदाही साधले नाही. शेपटाचे निमित्तही तिने केवळ थट्टेपुरते घेतले. आजवर मत्सर गेत्सेलचा होता. आता दोब्रिशचाही वाटतो.

कलम चौथे. वरील अट व आज्ञा मी स्वहस्ते खोडली आहे. घर दोब्रिशचे, विनाअट. एकच बारीक रेघ मारली आहे. खालची अक्षरे स्पष्ट वाचता येतात, ती तशीच राहू द्यावीत.

कलम पाचवे. यापुढे वश्तीचे काम जो करील त्याने शेपूट लावू नये. तिला यायचे नव्हते, एवढे कारण पर्याप्त आहे. हशा बुडाला तरी चालेल. शेपूट खाटकास परत, पडदा स्वयंपाकघरास परत.

स्थळ बोरिनेत्स, यहुदी पंचांगाप्रमाणे अदार महिन्याची वीस तारीख, वर्ष ५६५३.

सही: झाइन्व्हेल, माजी महाराणी
साक्षीदार: लेमेल, सभास्थानाचा सेवक
साक्षीदार: गेत्सेल, पाववाला (कागदावर पिठाचा अंगठा उमटला आहे तो ह्याचाच)

ताजा कलम. भट्टीमागच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. वश्तीला हद्दपारीचे सर्व अंक त्यावर तोल सावरत काढावे लागतात. नाटकमंडळी म्हणतात, स्टूल बेकरीचे. गेत्सेल म्हणतो, नाटकाचे. आज सही करताना, पाय कधी दुरुस्त करणार म्हणून पुन्हा विचारले, तर म्हणाला, “बघू.”