यंदाच्या जॅमला पुरती साखर

पायल,

मी आन् तुझा दादा पहिल्या एस.टी.नं बारामतीला दवाखान्यात चाललोय. नानांना आज घरी आणतोय.

जांभळं शिजवून, बिया काढून गर गाळून ठेवलाय. जॅम तू कर. गराएवढीच साखर घाल, हात आखडता घेऊ नको. कारखान्याच्या साखरेचा डबा मीच कपाटात साड्यांमागं लपवला हाय. थेंब ताटलीत टाकून बघ, पसरला न्हाय की लगेच उतरव.

गेल्या साली नानांना तू चोरून जॅम दिलास, तवा शुगर वाढंल म्हणून मी तुला नाही नाही ते बोलले. त्यांच्या डोळ्यांदेखत बरणी उकिरड्यावर उपडी केली. नाना नुसता चमचा चाटत बसले. जमलं तर मला माफ कर.

काल डॉक्टरांना मी पथ्याचा कागद मागितला. ते म्हणाले, "आता पथ्य न्हाय. मागतील ते द्या."

तुझ्या आईंना यातलं काही सांगू नको. नाना घरी येतायत, एवढंच सांग. त्या हौसेनं अंगण सारवायला घेतील. घेऊ दे.

तुझी वहिनी,
अंजली