नाताळसाठी दोन झबली

जुन्नर, शनिवार, ३ डिसेंबर १९०४

अंजना दोन वर्षांची होती तेव्हाचा नाताळ आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. मी तिच्या फ्रॉकला खळ घालून कडक इस्त्री केली होती. गळ्याला लेस – कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेली. चर्चमध्ये पोर सारखी मान वाकडी करी. मास्तर हळूच म्हणाले, "तिला टोचतंय ते." मी म्हटलं, "होईल सवय." घरी येऊन फ्रॉक काढला तर मान लालभडक. मग ती उघडीच, मास्तरांच्या उपरण्यात गुंडाळलेली, आणि आम्ही तिघं ओसरीवर पेरू खात बसलो. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही.

मास्तरांना जाऊन सात वर्षं झाली. आता अंजनाची जुळी पावणेदोन वर्षांची आहेत, कृपा आणि शांतवन. आळ्याहून नाताळला येणार. इस्टरनंतर पहिल्यांदाच!

या खेपेला खळ नाही, लेस नाही. मऊ काहीतरी हवं.

रविवार, ४ डिसेंबर

बाजार. उपासनेनंतर शेजारी माणिकचंदांच्या दुकानात गेले. त्यांनी फ्लॅनेल काढलं. "मास्तरीणबाई, हात तर लावून बघा. लोणी आहे लोणी." खरंच मऊ होतं. कुठलं, विचारलं. "मुंबईचा नवा गठ्ठा."

मुंबईत घरोघर प्लेग. हा गठ्ठा कुठल्या वखारीत पडला होता, कोण त्यावर निजलं होतं, कोणाला ठाऊक? हात पदराला पुसला.

तेवढ्यात आतून त्यांच्या भंवरीबाई आल्या. "जुळी केवढी झाली हो? चालतात?" गुडघ्याशी हात धरून, "एवढी?" मग वर नेऊन, "का एवढी?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ठाऊक होतं. पण यांना माझ्या नातवंडांची उंची कशाला हवी?

मंगळवार, ६ डिसेंबर

मधल्या खोलीतली ट्रंक उघडली. तळाशी मास्तरांचं धोतर. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. यातच दोन झबली होतील. आपल्या घरचं कापड, परक्याचा हात नाही, मुंबईचा वारा नाही. कापायला घेतलं तेव्हा जरा थांबावं लागलं.

बुधवार, ७ डिसेंबर

शांतवनचं इस्टरला राहून गेलेलं जुनं झबलं मापासाठी धुऊन दोरीवर टाकलं होतं. ते नाही! कोंडाबाई सारवत होती, तिला विचारलं.

"वाऱ्यानं ग्येलं आसंल, बाई."

पान हलत नव्हतं.

"मला काय करायचंय झबल्याचं? माजी नातवंडं उघडीच हिंडत्यात, मापाचा खर्च न्हाई." आणि हसत सुटली. माझ्याकडे मात्र बघेना. वीस वर्षं माझ्याकडे आहे, खोटं बोलताना ती जोरात सारवते. आज अंगण दोनदा सारवलं.

लहान मुलाचं अंगावरचं कापड नेऊन लोक काय काय करतात ते ऐकलं आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी तीन वेळा दोरीखाली जाऊन पाहिलं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

कोंडाबाईने बातमी आणली. "आंबेगावात गाठीचा ताप आलाय म्हनं. उंदरं पडत्यात. दोन माणसं ग्येली." माणिकचंद मंगळवारीच आंबेगावला जाऊन आले!

दुपारी मधल्या भिंतीला कान लावला. त्यांच्याकडे पेट्या ओढल्याचा आवाज. कुणी आजारी पडलं की लोक असंच करतात – माणूस आतल्या खोलीत लपवायचा आणि दारात रांगोळी काढायची.

बुधवार, १४ डिसेंबर

हे फक्त इथे लिहिते.

आज ट्रंकेमागे उंदीर मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, म्हणजे मांजराचं काम नाही. चिमट्याने उचलला, परसात खड्डा केला, राख टाकली, माती लोटली. कोंडाबाई नदीवर गेली होती.

तो माणिकचंदांच्या कोठीतला. भिंतीच्या बुडाशी भोक आहे, तिथूनच आला. मग माझ्या घराला दोष का? सांगितलं तर कचेरीची माणसं येतील, कौलं काढतील, मला गावाबाहेर झोपडीत घालतील. मुलं येणार कुठे? अंजना तर पाठवणारच नाही. त्या दोघांसाठी इस्टरपासून दिवस मोजते आहे मी.

संध्याकाळी कुंपणापलीकडून भंवरीबाई: "मास्तरीणबाई, तुमच्याकडे उंदीर-बिंदीर नाही ना पडला?"

"नाही," मी म्हटलं.

आजच का विचारावं? स्वतःच्या घरात पडला असेल म्हणूनच.

गुरुवार, १५ डिसेंबर

भोक काचा घालून बुजवलं. कृपाच्या झबल्याच्या बाह्या लावल्या.

शुक्रवार, १६ डिसेंबर

माणिकचंदांचं बिऱ्हाड कुकडीकाठच्या मळ्यात निघालं. भंवरीबाई गाडीतून उतरून माझ्या पायरीशी आल्या. "चला की आमच्याबरोबर. तुमच्यासाठी वेगळी खोप बांधून घेऊ. धर्माची आडकाठी नाही हो, तुमचा कांदा-लसूण तेवढा वाऱ्याच्या पलीकडे शिजवा."

मी हसले नाही. म्हटलं, "घरात उंदीर नाही तर जाता कशाला?"

"आंबेगावला पडले. इथे पडायची वाट बघू?"

मी म्हटलं, मुलं येणार आहेत, घर सोडणार नाही. एवढा आग्रह कशासाठी, ते कळत नाही. माझं घर रिकामं झालं की यांच्या घराकडे कोणी बोट दाखवणार नाही, एवढंच सुचतं.

रविवार, १८ डिसेंबर

अंजनाच्या गावचा गाडीवान सावळेराम आळ्याहून गाडी घेऊन आला. ओसरीखालीच उभा. "अंजनाताई म्हंत्यात, कापडं झाली आसतील तर द्या. पोरांना घालून बघतो."

झबली तयार होती, गाठोडं बांधून ठेवलेलं. पण बोलता बोलता त्याने सांगितलं की परवा आंबेगावाला भाडं घेऊन गेला होता. मी म्हटलं, बटणं राहिली आहेत.

"दोन बटनांसाटी आडलंय व्हय? ताई लावतील की."

"नको. मीच लावीन."

"म्या काय आंगात घालून बगनार न्हाई, बाई!" म्हणाला आणि रिकामा गेला. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे. त्याच्या गाडीत आंबेगावचं काय काय बसून आलं असेल कोण जाणे.

संध्याकाळी भंवरीबाई मळ्यातून चालत आल्या. हातात दोन छोट्या बंड्या, आत कापूस घातलेल्या. पायरीवर उभ्या राहून एक एक उलगडून दाखवली. बटण नाही, बगलेत मऊ बंद. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला. "दिसायला उलटी दिसते. पण मुलांना टोचत नाही." आणि पदराखालून शांतवनचं जुनं झबलं काढलं!

"तुम्ही उंची सांगेनात. मग कोंडाबाईकडून मापाला मागून नेलं. तिला म्हटलं, बोलशील तर बघ. अंजी माझ्या दुकानात गजावर लोंबकळून मोठी झाली, तिच्या पोरांना मी एवढंही करू नये?"

मी विचारलं, "कापड मुंबईचं?"

"या दिवसांत ते मी माझ्या घरात कोणाला घालत नाही. खोडदच्या हातमागावरचं आहे, परस्पर मळ्यात आणवलं. शिवलंही तिथेच."

मला त्या घ्यायला हव्या होत्या. पण हात पुढे होईना. घर शेजारचं, भिंत एक, आणि ती पेट्यांची ओढाओढ... मी म्हटलं, "मी शिवलीत दोघांना. तुम्ही घेऊन जा."

त्यांनी घड्या घातल्या, चारदा. "बरं. मळ्यात ठेवते. पोरं आली की मीच घालीन, तेव्हा नाही म्हणून बघा."

मंगळवार, २० डिसेंबर

माझं एक झबलं उलटं करून गालावर घासून पाहिलं. आतली शिवण जाड आहे – सिस्टरांची दुमड, दोनदा टीप मारलेली. दिसायला सुबक. गालाला लागते. पुन्हा उसवून बाहेर घ्यावी का? त्यांची नक्कल केल्यासारखं होईल.

डोकं जड आहे. उद्या करू.

गुरुवार, २२ डिसेंबर

काल सकाळपासून ताप. आज काखेत गाठ. बोराएवढी आहे, हात खाली येत नाही.

कोंडाबाई कुंपणाबाहेर उभी आहे, तिला आत येऊ दिलं नाही. खिडकीतून तिला काय सांगायचं ते आधी लिहून घेते, तापात चुकायला नको.

आजच्या आज कोणाला तरी आळ्याला पाठवावं. मुलांना आणू नये. अंजनानेही येऊ नये.

मी शिवलेली दोन्ही झबली जाळावीत. ट्रंक आणि अंथरूणही. सावळेरामवर उगाच संशय घेतला, म्हणून ती आळ्याला गेली नाहीत. देवाची दया.

कात्री उकळून अंजनाला. परसातली शेळी कोंडाबाईला, आत्ताच सोडून न्यावी.

कृपाला आणि शांतवनला मळ्यातल्या बंड्या. त्या या घरात आलेल्या नाहीत.

भंवरीबाईंना देण्यासारखं या घरातलं आता काही उरलं नाही. त्यांना एवढंच सांगावं – उंदीर माझ्याकडे पडला होता, मागच्या आठवड्यात बुधवारी, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं.