इंद्रिये पाचच

२ मार्च १९३६

अखेर सोलापूर. मुंबईत इतकी वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर स्वतःचा दवाखाना मिळाला आहे, मग तो गिरणीचा का असेना. प्रकृती उत्तम, मन प्रसन्न. स्टेशनवर कंपाउंडर रुद्रप्पा टांगा घेऊन हजर होता. हा गृहस्थ माझ्याशी मराठीत, टांगेवाल्याशी दखनीत आणि घोड्याशी कानडीत बोलतो. तिन्ही भाषांत सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नाही.

घर लहान पण नवे आहे. दोन खोल्या, ओसरी, मागे कडुनिंब. स्वयंपाकाला मंद्रूपची तानाबाई नावाची विधवा बाई येते. तिची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी इतकी चांगली निघाली की मी दोनदा मागून घेतली. तिला तसे बोललो मात्र नाही. अशा लोकांना स्तुती सोसत नाही.

६ मार्च

काम बेताचे आहे. कापसाच्या धुळीचा खोकला, खरूज आणि कामचुकारपणा, हे इथले तीन रोग. तिसरा सर्वांत जुनाट.

दुपारी दार लावून एका खंडनाच्या लेखाला सुरुवात केली. पुण्याच्या एका मासिकात कोणा शहाण्याने लिहिले आहे की माणसाला पाच नव्हे, बारा इंद्रिये असतात. ऊन-थंड कळणे हे एक, दुखणे एक, तोल एक, तहान एक. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, तेही एक! उद्या हे गृहस्थ खाजेलाही पाटावर बसवतील. माझी कसोटी सोपी आहे. ज्याला अवयव आहे ते इंद्रिय. डोळा, कान, नाक, जीभ, कातडी. बाकी सगळे कातडीचे दूरचे नातेवाईक. कॉलेजात आम्हाला या हाताच्या जाणिवेवर स्नायुसंवेदना म्हणून एक प्रकरण होते. परीक्षेपुरते पाठ केले आणि वेळेवर विसरलो.

गंमत म्हणून रुद्रप्पाला विचारले. तो म्हणाला, इंद्रिये अकरा. पाच ज्ञानाची, पाच कर्माची आणि वर मन. म्हणजे पुण्याचा शहाणा आणि सोलापूरचा कंपाउंडर मिळून तेवीस झाली.

११ मार्च

आज लेखाला आयताच मसाला मिळाला. पिंजण खात्यातला गुंडा नावाचा मजूर, अंगाने धडधाकट, बायकोला घेऊन आला. महिन्यापूर्वी ताप येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात हरवतो म्हणे. हरवतो! मी विचारले, हा काय खांद्याला लोंबतो आहे तो?

"दिसतो की साहेब," म्हणाला. "बगितलं की हाय. न्हाय बगितलं तर कुटं हाय त्ये कळंना. नुस्ता हात म्हनून कायतरी हाय, पर जागा न्हाय त्याला."

मी रीतसर तपासले. सुई टोचली, ओरडला. गरम पाणी, गार पाणी, दोन्ही ओळखले. बोटांवरून पीस फिरवले तेही कळले. मग डोळे मिटून नाकाला बोट लाव म्हटले. हात वर निघाला, कानाजवळून गेला आणि डोक्यामागे हवेतच थांबला. चेहऱ्यावर असा भाव, की बोट नाकावरच आहे. नाटक कंपनीत गेला असता तर पोट भरले असते. रुद्रप्पा मात्र तोंड उघडे टाकून बघत होता.

बायको ईरम्मा म्हणाली, त्याला हलके काम द्या. मी म्हणालो, कातडी ठीक आहे म्हणजे हात ठीक आहे. पाचांपैकी एकही इंद्रिय बिघडलेले नाही आणि सहावे मला ठाऊक नाही. कागदावर 'कामास योग्य' लिहून दिले. जाताना तो आपल्या हाताकडे बघत बघत गेला, गर्दीतून लहान पोराला नेतात तसा.

१९ मार्च

सकाळचा वेळ फुकट गेला. गुंडाला कोणीतरी मागून हाक मारली, त्याने वळून पाहिले आणि उजवा हात यंत्राच्या रुळांत तसाच राहिला. हात आत चालला आहे हे त्याला रक्त दिसेपर्यंत उमगले नाही, असे शेजारचे मजूर सांगतात. मी ते मनावर घेतले नाही, कारण दुखले असणारच. कोपराच्या वरून कापावा लागला. जखम बांधून सरकारी इस्पितळात पाठवला.

मॅनेजरांनी कारण विचारले. मी म्हणालो, लक्ष नव्हते. ते खरेच आहे.

ईरम्माने तो तुटलेला हात लुगड्याच्या पदरात गुंडाळून मागून नेला. लिंगायतांच्या दफनभूमीच्या कडेला पुरला म्हणे. हौस एकेकाची.

२४ मार्च

एक गमतीची गोष्ट. दुपारी वाचत बसलो होतो, उजवा हात टेबलावर. मध्येच असे वाटले की हात टेबलावर नाही. खाली आहे. माझ्या पायांच्याही खूप खाली, कोपरात वाकलेला, तळवा वर, बोटे अर्धी मिटलेली. पाहिले तर हात टेबलावर, सरळ, पालथा. बोटांना टेबलाचे कापड लागत होते. पुन्हा पुस्तकाकडे नजर वळवली. पुन्हा हात खाली.

उष्णता. दुसरे काय. तानाबाईने कांदा उशाला ठेवायला सांगितले. इथे प्रत्येक रोगावर कांदा.

२६ मार्च

थांबलेले नाही. सदऱ्याची बटणे हाताकडे पाहून लावावी लागतात. चूळ भरताना तांब्या दातांवर आपटला.

शांतपणे विचार केला. डोळा सांगतो हात इथे आहे. कातडीही तेच सांगते. म्हणजे दोन पक्के साक्षीदार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एक बेनामी, ज्याला मी साक्षीदारच मानत नाही. निकाल उघड आहे. पण तो बेनामी गप्प बसत नाही.

२७ मार्च

दुपारी दवाखान्यात जिभेवर चमचा दाबून एका मजुराचा घसा पाहत होतो. एकाएकी माझा हात—तो खालचा—उचलला गेला. मी हलवला नाही. कोणीतरी वर काढला. मग हिसके, कोणी घेऊन चालल्यासारखे. मग पुन्हा खाली, आणि आडवा, मांडीवर ठेवल्यासारखा ठेवला गेला. मजूर ओरडला म्हणून पाहिले, तर चमचा त्याच्या गालात रुतलेला होता.

संध्याकाळी रुद्रप्पाने सांगितले, मी विचारलेले नसताना. रक्तात विष भिनून गुंडा सकाळी गेला. लिंगायत रीतीप्रमाणे दुपारी बसवून पुरला. ईरम्मा ऐकेना, म्हणून आधी पुरलेला हात उकरून काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

योगायोग. मी लेख पुढे लिहिणार आहे.

२८ मार्च

लेख लिहिला नाही.

सकाळी जाग आली ती बसलेल्या स्थितीत. मांडी घातलेली, पाठ ताठ, हनुवटी थोडी छातीकडे. डोळे उघडले तर मी गादीवर आडवा, पाय पसरलेले. उठायला गेलो आणि जमिनीवर पडलो. पाय आहेत हे दिसते, गार फरशी लागते, पण ते तिथे नाहीत. ते दुमडून कुठेतरी घट्ट बसवलेले आहेत.

पावलांकडे बघत चाललो. नजर काढली की कोसळतो. तानाबाई म्हणाली, "डाक्टर, तुमी असं काय चालताय? पाय दुसऱ्याचं असल्यावानी?" तिला गप्प बसवले. मग तिनेच बखोट धरून ओसरीवर आणले. मी सोड म्हणालो नाही.

३१ मार्च

ईरम्माकडे गेलो. रुद्रप्पाने टांग्यात घातले, टांग्यातून काढले. तिला सांगितले, प्रेत हलवा. जाळा, वाहत्या पाण्यात सोडा, काहीही करा, पण त्याला असे बसवून ठेवू नका. खर्च माझा. आवाज माझाच होता, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता.

ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. मी पायांकडे बघत होतो म्हणून असेल. मग म्हणाली, "आमचा मानूस बसलाय तितं. त्याला आता कुनी उटवायचं न्हाय."

मी म्हणालो, बाई, मला तो कळतो. तो कसा बसला आहे ते मला आतून कळते.

"आसं कसं हुईल साहेब?" ती म्हणाली. "तुमीच लिवलं हुतं की. आसं काय नसतंय म्हनून."

तिने दार लावून घेतले. अडाणी बाई. अडाणी—

२ एप्रिल

रजा. खोलीभर आरसे लावून घेतले. सगळीकडून दिसलो पाहिजे. दिसलो की आहे.

मान खाली गेली. माझी नव्हे. म्हणजे माझीच, पण आरशातली ताठ आहे. ती हळूहळू झुकते आहे, रोज थोडी. कोणी झुकवत नाही. आपोआप.

मुंबईच्या जुन्या प्रोफेसरांना तार करावी का? काय लिहू? की तुमचे ते स्नायुसंवेदनेचे प्रकरण—नको. हसतील. मीही हसलो असतो.

४ एप्रिल

जबडा उघडला. जीभ लावून पाहिले, दात दातांवर आहेत. तरी उघडला. खाली आला. जबडा जिथवर जातो तिथवर आला आणि मग त्याच्याही खाली—

जेवलो नाही.

५ एप्रिल

बोटे एकमेकांपासून लांब चालली आहेत. पंजा पसरतो तशी नव्हे. पंजा इतका पसरत नाही. एक गुडघ्यापाशी. एक मांडीखाली, मातीत. तरी सगळी माझीच. मोजता येतात.

नाक, कान, जीभ, कातडी, डोळे—पाचही शाबूत. तपासले. पाचही बेअक्कल. घरावर पाच पहारेकरी ठेवले आणि घर दुसरीकडेच—

६ एप्रिल

गिरणीत डोळे आल्याची साथ आहे. रुद्रप्पाचे आले. आज माझे. पापण्या चिकटतात. बोरिकच्या पाण्याने धुतो. धुताना डोळे मिटावे लागतात. तेवढ्यात—तेवढ्यात मी तिथे पूर्ण असतो. सगळा. खोली नसतेच.

तानाबाई रडते. तिला म्हणालो, बोलत राहा. ती बोलते. ऐकू येते. कुठून ऐकतो आहे ते कळत नाही.

७ एप्रिल

डावा मिटला. उजव्याची फट उरली आहे. तिच्यातून लेखणी दिसते, बोटे दिसतात. दिसतात तोवर लिहितात.

रुद्रप्पाला म्हणालो, मला धर, घट्ट धर, सोडू नकोस. त्याने धरले आहे. स्पर्श कळतो. उबदार आहे. त्याचा हात मला लागतो आहे, पण कुठे, ते—