तापाची चिठ्ठी

शनिवार, शॉमबर्ग

थकले आज. निखिलच्या, जुन्या लढायांचे प्रसंग वठवणाऱ्या ग्रुपने पार्कात इथल्या सिव्हिल वॉरची रेजिमेंट उभी केली होती. दीडशे वर्षांपूर्वी फक्त शंभर दिवसांसाठी भरती झालेली पोरं. नुसता पूल राखला, लढाई झालीच नाही, पण कितीतरी तापाने गेली. खेळात कोणी कशाने मरायचं, ते हे लोक चिठ्ठ्या टाकून ठरवतात. निखिलच्या चिठ्ठीत ताप निघाला. भर उन्हात लोकरीचा कोट घालून पडून राहिला. खेळच होता, तरी मी प्रेक्षकांसाठी बांधलेली दोरी ओलांडून कपाळाला हात लावला. भाजत होतं.

"आई, गो बॅक! आय ॲम डेड!"

सगळे हसले. मीही.

येताना गाडीत म्हणाला, खऱ्या आर्मीत जातोय. "ओन्ली फोर इयर्स, आई."

कोट वाळत घातलाय. त्या पोरांनीही घरी सांगितलं असेल ना, शंभरच दिवस?