सायोच्या गाडीत शनिवारचा अर्धा तास

सापोरो
१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सायोला परवाच दाखल करून घेतलं. मला इस्पितळामागच्या गल्लीत एक खोली मिळाली आहे. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, पण चालत पाच मिनिटांवर आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने रचतेस. तेव्हा पत्रच बरं.

मुख्य काम सायोच्या गाडीचं. इथे ती ठेवायला जागा नाही, म्हणून तुझ्या शेडमध्ये लावून आलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकायला निघाली तेव्हा अख्खं होरोकानाई हसलं होतं, आणि त्यात तू सगळ्यात पुढे होतीस. परवा डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का. तर हिने आजाराचं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, एप्रिलमध्ये बर्फ गेलं की हे गाडी इकडे आणतील, आणि परत जाताना मी चालवीन, चालेल ना? डॉक्टर म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर ती तग धरून आहे, ताई. म्हणून गाडी जिवंत राहायला हवी.

हायब्रिड म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या पोटात एवढी मोठी बॅटरी, हिला काय धाड भरणार आहे. पण गाडीला जागं करणारी लहान बॅटरी वेगळीच असते. हिवाळाभर गाडी नुसती उभी राहिली की ती थंडीत मरते. तेव्हा दर शनिवारी दुपारी शेडमध्ये जा, चालकाच्या जागेवर बस, गोल बटण दाब, समोरचे दिवे लागले की अर्धा तास तशीच राहू दे. मग पुन्हा बटण दाबून बंद कर. आवाज आला नाही तर घाबरू नकोस, ही गाडी गप्पच असते. बाकी कशालाही हात लावू नकोस. अडतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस सांगतोय, एवढं केलंस की झालं.

तुझी माया आमच्यावर आहेच. या हिवाळ्यात त्यातली थोडी गाडीलाही दे.

तुझा,
तोकुजी


होरोकानाई
६ डिसेंबर

चि. तोकुजीस अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलंय. चार ओळींचं काम सांगायला पानभर लिहितोस, शाळेत असताना मात्र निबंध मी लिहून द्यायचे.

तीन शनिवार झाले. बर्फ शेडच्या कडीपर्यंत आलंय. मी एक फट खणते, आत शिरते आणि दार लावूनच घेते, नाहीतर सगळं बर्फ माझ्यामागून आत येतं. गाडी फार शहाणी आहे. बटण दाबलं की छोटे छोटे दिवे लागतात, पडद्यावर नकाशा येतो, आणि बस्स. ना थरथर, ना धूर. तुझी बस सुरू व्हायची तेव्हा आमच्या फडताळातल्या वाट्या वाजायच्या. एकच तक्रार आहे, आत ऊब म्हणून नाही. एवढी महागाची गाडी आणि वारा सोडते तो गारच. मी दोन पांघरुणं आणि चहाचा थर्मास घेऊन जाते.

नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून मी बोलत बसते. सायोला सांग, तिच्या गाडीला आता गावातलं सगळं ठाऊक झालंय. पोस्टातल्या बाईचं लग्न मोडल्याचं मी आधी गाडीला सांगितलं, मग शेजारी. सायोची सीट पुढे ओढलेली आहे, माझेही पाय बरोबर पोचतात. आम्ही दोघी बुटक्या, तू उगाच ताडमाड.

हेरिंग मासा घातलेलं कोबीचं लोणचं पाठवतेय. सायोला डॉक्टरांनी नाही म्हटलं तर वास तरी घेऊ दे.

तिच्या डोक्यावरून माझा हात फिरव. जीव लावून राहा दोघं.

तुझी,
हात्सुए ताई


सापोरो
२७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सायोला वाचून दाखवलं. ना थरथर, ना धूर, इथे आलो आणि ती हसायला लागली. इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि नर्स मला रागावली. मी विचारलं, काय झालं, तर सांगेना. म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. या वेळी दार लावून घेते, इथे तिने एकदम पत्र माझ्या हातातून घेतलं आणि तेवढीच ओळ परत परत वाचत बसली. औषधांनी असं होतं म्हणतात.

आता शनिवारी दुपारी ती सारखी घड्याळाकडे बघते. वन्सं आत्ता गाडीत बसल्या असतील, म्हणते. लोणच्याचा वास घेतला, आणि नर्सची पाठ वळल्यावर एक फोड खाल्लीही. महिनाभरात तिने स्वतः मागून खाल्लेली ती पहिली वस्तू. वजन फार उतरलंय. पण एप्रिलचं बोलते आहे, म्हणून मीही एप्रिलचंच बोलतो.

शनिवार चुकवू नकोस, ताई. तुझ्याशिवाय हे काम मी कुणाला सांगणार?

तुझा,
तोकुजी


होरोकानाई
६ फेब्रुवारी

चि. तोकुजीस आशीर्वाद,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. गाडी मेली.

नव्या वर्षापासून दिवे मंद वाटत होते. मला वाटलं, माझेच डोळे. मग एका शनिवारी दिवे लागलेच नाहीत. तुला कळवायला हवं होतं, पण मला वाटलं थंडी ओसरली की लागतील, उणे अठ्ठावीस होतं. गेले दोन शनिवार किल्लीवरचं बटण दाबलं तरी दारसुद्धा उघडत नाही. मी एकही शनिवार चुकवला नाही रे, देवाशपथ. तू लिहिलंस तसंच्या तसं केलं. वादळ होतं तेव्हाही मी कमरेला दोर बांधून शेडपर्यंत गेले. गॅरेजवाले कुदो बर्फ वितळल्याशिवाय इकडे येऊ शकत नाहीत.

सायोला सांगू नकोस. किंवा सांग, तुला योग्य वाटेल ते कर. मला काही सुचत नाही. माझ्यावर राग धर, पण मला टाकू नकोस.

तुझी,
ताई


सापोरो
१२ फेब्रुवारी

ताई,

तीस वर्षं तू मला सांगत आलीस की तुझ्यावाचून माझं पान हलत नाही. एक बटण दाबायचं होतं. एक. सहा वर्षांचं पोर करील असं काम.

सायो आता पाणीसुद्धा चमच्याने घेते. काल विचारत होती, गाडी कशी आहे. मी खोटं बोललो. बेचाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो, ते तुझ्यामुळे बोलावं लागलं. काहीतरी हातून झालं असणार, कशाला तरी हात लावला असशील, तुझा स्वभावच तो.

मला आता पत्र पाठवू नकोस. इकडे येऊही नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही.

तोकुजी


सापोरो
२० मार्च

ती. ताईस,
तुझ्या पायावर डोकं ठेवून नमस्कार.

सायो गेल्याचं कुदोंकडून तुला कळलंच. एक मार्चला, पहाटे. तिला निरोप द्यायला आम्ही पाच माणसं होतो. तू नव्हतीस. मीच तुला येऊ नकोस म्हटलं होतं आणि तू ऐकलंस. जन्मात माझं एकही न ऐकणारी तू, नेमकं हेच ऐकलंस.

काल तिचं सामान आवरताना हे पत्र सापडलं. तुझ्या नावाचं आहे, पण पाकीट उघडंच होतं म्हणून मी वाचलं. वाचलं आणि जिन्यात बसून राहिलो. सोबत पाठवतोय.

आधी ते वाच. मग मला क्षमा करायची की नाही ते ठरव. मी मागणार नाही, मला तोंड नाही.

तोकुजी


(सोबतचं पत्र)

८ जानेवारी

ती. वन्संना सायोचा साष्टांग नमस्कार,

हात कापतो, अक्षराला हसू नका. मी गाडी शिकले तेव्हाही हसला होतात, तेवढं पुरे.

वन्सं, कडाक्याच्या थंडीत माझी गाडी गप्प बसत नाही. नीट सुरू केली की इंजिन आपोआप चालू होतं, गाडी थरथरते, धूर येतो, गरम वारा येतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं. म्हणजे तुम्ही ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबत होतात. तेवढ्याने दिवे लागतात आणि उलट बॅटरी खर्च होते. ब्रेकचं यांनी लिहिलंच नसणार. बसवाल्याला वाटतं, पाय कुठे ठेवायचा हे माणूस पोटातूनच शिकून येतो. मला इतकं हसू आलं.

आणि मग तुम्ही दार लावून घेता ते वाचलं. दार उघडं ठेवा हेही हे लिहायला विसरले होते. ब्रेक दाबला असतात, तर बंद शेडमध्ये त्या धुराने तुम्ही पहिल्याच शनिवारी झोपल्यासारख्या गेला असतात, आणि एप्रिलपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

यांना सांगितलं असतं तर यांनी लगेच दुसरं पत्र लिहिलं असतं, ब्रेक दाब, दार उघडं ठेव. पण तुम्ही गॅसवर दूध विसरणाऱ्या. एखाद्या शनिवारी थंडी वाजली की दार लावलं असतंत. म्हणून मी गप्प राहिले. गाडी मरू दे. बॅटरी नवी मिळते. हे पत्रही बर्फ गेल्यावरच तुम्हाला मिळावं म्हणून जवळ ठेवते.

मी काही आता चालवणार नाही. मला नोव्हेंबरमध्येच कळलंय. यांना कळून घ्यायचं नाही, म्हणून मीही एप्रिल एप्रिल करते. पण माझ्या जागेवर बसून कुणीतरी पोस्टातल्या बाईचं लग्न मोडल्याचं सांगतंय, याचं मला फार सुख वाटतं. बसत जा. गाडी मेली म्हणून हे तुम्हाला बोलतील, तेव्हा हे पत्र दाखवा.

माझ्यामागे यांना जेवायला घाला. एवढंच मागते.

तुमची,
सायो


होरोकानाई
३ एप्रिल

चि. तोकुजीस,
तू कसाही असलास तरी आशीर्वादच.

सायोचं पत्र आठ दिवस उशाखाली ठेवलं, मग देव्हाऱ्यात ठेवलं. तुझ्या त्या फेब्रुवारीच्या पत्राचं म्हणशील तर ते मी चुलीत घातलं. रडले, ते खोटं कशाला सांगू. तिला निरोप द्यायच्या दिवशी गाडीचं दार उघडत नव्हतं, म्हणून बादली पालथी घालून गाडीशेजारी बसले होते, अर्धा तास. सायो गेली, हे गाडीला मीच सांगितलं.

काल कुदो आले. किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपलेली असते म्हणे. तेही तू लिहिलं नव्हतंस. नवी बॅटरी बसली. मी आधी शेडची दोन्ही दारं सताड उघडली आणि त्यांना दगड लावले. मग बसले, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं. मला ऐकू काही आलं नाही, पण सीट थरथरली, पाठीतून कळलं. गरम वारा आला. मला हुंदका आवरेना, आणि कुदो बिचारे बाहेर जाऊन बर्फ उकरत बसले.

रस्ता मोकळा झालाय. कुदो गाडी घेऊन येत्या शनिवारी तुझ्याकडे येतील, परतीला बसने येतील. अठराला एकोणपन्नासावा दिवस, अस्थी थडग्यात ठेवायचा. त्याआधी सायोला घरी घेऊन ये. ती एप्रिलमध्ये आपल्या गाडीने येणार होती, तशीच येऊ दे. अस्थी मागे ठेवू नकोस, शेजारच्या सीटवर ठेव आणि पट्टा लाव. जेवायला मी आहे, लोणचंही आहे.

चालव तूच. पण सीट मागे सरकवू नकोस. ती सायोने लावलेली आहे, मी हिवाळाभर हलवली नाही. तुझे गुडघे चाकाला लागतील. लागू देत.

वाट बघते.

तुझी,
ताई